टीम वर्षानुवर्षं हरते तरी फॅन जात का नाहीत? एनबीएतल्या 'रिबिल्ड'ची गोष्ट

डिसेंबर २०२३ मध्ये डेट्रॉइट पिस्टन्सची सलग २८ मॅच हरून झाली. एकाच सीझनमध्ये एवढ्या सलग मॅच त्याआधी एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमध्ये, कोणी हरलंच नव्हतं. घरच्या कोर्टवर लोक "टीम विका, टीम विका" अशा घोषणा द्यायला लागले, रोख मालकावर, टॉम गोअर्सवर. आता यातली गंमत बघा, घोषणा देणारे हे लोक तिकीट काढून आत आले होते. ऐन डिसेंबरात, स्वतःच्या खिशातले पैसे घालून, जी टीम हरणार हे जवळपास ठरलेलंच आहे तिची मॅच बघायला, आणि वर तिच्याच मालकाच्या नावानं खडे फोडायला. ज्याला टीमशी काही देणंघेणं उरलेलं नसतं तो कशाला घसा फोडेल, तो चॅनल बदलतो आणि विषय संपवतो.

तर ही माणसं नेमकं काय धरून बसलेली असतात? ते कळायला आधी एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे एनबीएत बऱ्याच टीम ठरवून हरतात आणि तसं ठरवणं हिशेबाला धरूनच असतं.

कसं ते सांगतो. युरोपातल्या फुटबॉल लीगमध्ये तळाला राहिलात की खालच्या डिव्हिजनमध्ये जाता, पैसा आटतो, चांगले प्लेअर निघून जातात, त्यामुळे तळाची टीम शेवटच्या मॅचपर्यंत जीव तोडून खेळते. एनबीएत ३० टीम आहेत आणि त्याच ३० राहतात. ८२ पैकी ७० मॅच हरा, पुढच्या वर्षी तुम्ही तिथेच. देशभरच्या टीव्ही हक्कांचा पैसा सगळ्यांना सारखा वाटला जातो आणि तो काही थोडाथोडका नाही, २०२५-२६ पासून लागू झालेला करार ११ वर्षांचा आणि सुमारे ७६ अब्ज डॉलरचा आहे. म्हणजे हरणाऱ्याचं दुकान बंद पडत नाहीच, उलट त्याला बक्षीस मिळतं, ते म्हणजे ड्राफ्टमध्ये वरचा नंबर. दरवर्षी कॉलेजमधून आणि परदेशातून येणारी नवी मुलं टीम एकेक करून निवडतात आणि साधारण नियम असा की जो जास्त हरला तो आधी निवडणार.

आता बास्केटबॉलमध्ये कोर्टवर एका टीमचे पाचच जण असतात आणि सगळ्यात चांगला प्लेअर ४८ पैकी ३५ मिनिटं तरी खेळतो, म्हणून एकाच अफाट प्लेअरनं टीमचं नशीब जेवढं बदलतं तेवढं फारच कमी सांघिक खेळांत बदलत असेल. आणि असा प्लेअर ड्राफ्टमधून मिळाला तर स्वस्तात मिळतो, कारण नव्या पोराचा पगार नियमानं बांधलेला असतो. २०२३-२४ मध्ये स्टेफ करीला जवळपास ५ कोटी १९ लाख डॉलर मिळत होते आणि त्याच वर्षी पहिल्या नंबरवर निवडलेल्या व्हिक्टर वेम्बान्यामाला साधारण १ कोटी २० लाख. लीगमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे टीमनं पगारावर किती उधळायचं याला मर्यादा, त्यामुळे स्वस्तातला स्टार म्हणजे उरलेल्या पैशात आणखी दोन चांगले प्लेअर घेता येणं. त्यात वाईट टीममध्ये स्वतःहून यायला मोठे स्टार तयार नसतात, त्यांना जिंकायचं असतं किंवा मोठ्या शहरात राहायचं असतं, मग लहान शहरातल्या टीमला ड्राफ्ट सोडून रस्ता तरी कुठला उरतो.

सगळ्यात वाईट जागा मधली. दरवर्षी ३८-४० मॅच जिंकायच्या, कधी प्लेऑफच्या, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीच्या, पहिल्या राउंडमध्ये मार खायचा, कधी तेवढंही नाही, आणि ड्राफ्टमध्ये नंबर बारावा-पंधरावा. ना धड वर ना धड खाली. यातून सुटायला मॅनेजमेंट एक दिवस ठरवते की झालं तेवढं पुरे, जुने महागडे प्लेअर विकायचे, बदल्यात दुसऱ्या टीमचे भविष्यातले ड्राफ्ट पिक, म्हणजे निवडीचे नंबर, घ्यायचे, पोरांना खेळवायचं आणि दोन-चार वर्षं हरत राहायचं. यालाच रिबिल्ड म्हणतात. त्यातही हरण्यासाठी मुद्दाम फिल्डिंग लावली, बऱ्या झालेल्या प्लेअरला पण बसवून ठेवलं, की त्याला टँकिंग म्हणतात. दोन्हींत फरक आहे असं प्रत्येक मॅनेजमेंट सांगते. लीग अधूनमधून दंड ठोकते, एप्रिल २०२३ मध्ये डॅलसला साडेसात लाख डॉलरचा बसला होता, पण फ्रँचायझीच्या किमतीपुढे ही रक्कम म्हणजे चहापाणी.

लॉटरी आली ती टँकिंगला चाप लावायलाच. १९८५ पासून वरचे पिक सोडतीनं ठरतात. १ ते १४ नंबरचे चेंडू, त्यातले चार काढायचे, १००१ जोड्या तयार होतात, त्यातल्या एक हजार टीमना वाटलेल्या असतात. आधी सगळ्यात वाईट टीमला पहिला नंबर लागायची शक्यता २५ टक्के होती, २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीमना सारखीच १४ टक्के केली. आणि सोडत फक्त पहिल्या चार नंबरांसाठी होते, त्यामुळे सगळ्यात वाईट टीम पाचव्यापर्यंत घसरू शकते. तशी शक्यता किती? ४७.९ टक्के. म्हणजे जवळपास अर्ध्या वेळेला तुम्ही जगातली सगळ्यात रद्दी टीम बनून दाखवलीत तरी हातात पाचवा नंबर. पिस्टन्सचं हेच झालं, २०२३ ला १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) करून तळाला, मिळाला पाचवा. २०२४ ला १४-६८ करून परत तळाला, परत पाचवा. त्याच्या आधी २०२२ ला पण पाचवाच होता. याला फुटकं नशीब सोडून दुसरं काय म्हणणार.

रिबिल्डचा विषय निघाला की फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सचं नाव आल्याशिवाय राहत नाही. मे २०१३ मध्ये सॅम हिंकी जनरल मॅनेजर झाला आणि त्यानं हा हिशेब अगदी टोकाला नेला. आल्या आल्या ड्राफ्टच्या रात्री ज्रू हॉलिडेला, त्या वर्षीच्या ऑल-स्टारला, विकून टाकलं. पुढचे तीन सीझन १९-६३, १८-६४, १०-७२. यातला एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. मायकल कार्टर-विल्यम्स नावाच्या नव्या पोरानं ऑक्टोबर २०१३ मध्ये पहिल्याच मॅचला, समोर लेब्रॉनची चॅम्पियन मायामी हीट, २२ पॉइंट, १२ असिस्ट, ७ रिबाउंड आणि ९ स्टील काढले आणि सिक्सर्स जिंकले. वर्षाअखेर तो रूकी ऑफ द इयर, म्हणजे नव्या पोरांतला सर्वोत्तम. फिलाडेल्फियातल्या पोरांनी त्याची जर्सी घेतली नसेल तरच नवल. फेब्रुवारी २०१५ मध्ये हिंकीनं त्याला ट्रेड केलं, बदल्यात आला लेकर्सचा भविष्यातला एक पिक. कागदावर हा सौदा बरोबर होता, कार्टर-विल्यम्सला शूटिंग येत नव्हतं आणि पुढे तो काही मोठा प्लेअर झाला नाही. पण फॅनच्या बाजूनं बघा, ज्याला आपला म्हणून मनात जागा दिली तो फक्त तारण ठेवलेली वस्तू निघाला.

आणि त्या लेकर्सच्या पिकचं पुढे काय झालं ते तर ऐकाच. तो अखेर २०१८ मध्ये हातात आला, दहावा नंबर, त्यावर घेतला मिकाल ब्रिजेस, त्याच भागात वाढलेला, तिथल्याच व्हिलानोव्हा कॉलेजचा, आई सिक्सर्सच्या मालकांच्याच कंपनीत कामाला. घरचा मुलगा घरी आला म्हणून सगळे खूश आणि त्याच रात्री त्याला फीनिक्सला पाठवला, परत बदल्यात एक पोरगा आणि भविष्यातला एक पिक. हिंकी तोपर्यंत गेलेला होता, त्यानं एप्रिल २०१६ मध्येच १३ पानी पत्र लिहून राजीनामा दिला होता, पण सवय काही सुटली नव्हती.

एवढं सगळं होऊन फिलाडेल्फियाचे फॅन पळाले का? काही पळाले, स्टँड रिकामे दिसायचे. पण जे राहिले त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली, त्यांनी हरण्यालाच आपली ओळख करून टाकलं. "प्रोसेसवर", म्हणजे हिंकीच्या या पद्धतीवर, "विश्वास ठेवा" ही घोषणा आधी अर्धी थट्टा होती, मग ती खरीच झाली. त्यांना पुढच्या पाच वर्षांचे पिक कुठल्या अटीवर कुठून येणार हे तोंडपाठ असायचं, लॉटरीच्या रात्री फायनल असल्यासारखे जमायचे. जोएल एम्बीड २०१४ ला तिसऱ्या नंबरवर आला, दुखापतीमुळे दोन अख्खे सीझन बसून राहिला, ऑक्टोबर २०१६ मध्ये एकदाचा कोर्टवर उतरला आणि त्यानं स्वतःलाच 'द प्रोसेस' म्हणवून घेतलं. तीन वर्षांच्या त्या दगडधोंड्यांना एक चेहरा मिळाला. २०२३ ला तो एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेअर, पण झाला. टीम मात्र अजून दुसऱ्या राउंडच्या पुढे सरकलेली नाही, २०१९ मध्ये सातव्या मॅचला क्वाय लेनर्डचा शेवटचा शॉट रिंगवर चार वेळा टप्पे खाऊन आत पडला तेव्हा ती सगळ्यात जवळ होती.

माझं मत विचाराल तर हिंकीचं गणित चुकलं नव्हतं, त्यानं एक खर्च धरलाच नव्हता. फॅन म्हणजे काही शेअरहोल्डर नाही, त्याला सात वर्षांनी एकरकमी परतावा नको असतो, त्याला आज रात्री बघायला काहीतरी लागतं. जिंकणं नसेल तर दुसरं काहीतरी, ओळखीचा चेहरा, खेळायची एक ठरलेली पद्धत, कसलं तरी सातत्य.

टीमची ओळख म्हणजे काय हे डेट्रॉइटवरून पटकन कळतं. ही टीम मुळात फोर्ट वेनची, मालकाचा पिस्टन बनवायचा कारखाना म्हणून नाव पिस्टन्स, १९५७ मध्ये गाड्यांच्या शहरात आली आणि नाव असं चपखल बसलं की वाटावं तिथेच ठेवलंय. १९८९ आणि १९९० ला चॅम्पियन झाले ते 'बॅड बॉइज', आयझाया थॉमस, बिल लॅम्बियर, रॉडमन, समोरच्याला आडवा करतील पण सोपा बास्केट देणार नाहीत. २००४ ला शॅक आणि कोबीच्या लेकर्सना ४-१ नं हरवलं तेव्हा टीममध्ये सुपरस्टार म्हणावा असा कोणीच नव्हता, बेन वॉलेसला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलंही नव्हतं. म्हणजे पंधरा वर्षांच्या अंतरानं दोन पूर्ण वेगळ्या टीम आणि दोन्ही तशाच, कष्टकरी, दणकट, बचावावर जगणाऱ्या. शहरानं त्यांच्यात स्वतःला बघितलं. मधे १९९६ ते २००१ मालकांना वाटलं जरा मॉडर्न दिसूया, हिरवट-निळी जर्सी, तिच्यावर घोड्याचं तोंड. ते काही रुजलं नाही आणि परत लाल-निळा आला (आता तीच जर्सी रेट्रो म्हणून विकली जाते तो भाग वेगळा).

म्हणून २०२३-२४ मध्ये जे दुखलं ते फक्त आकड्यानं नाही. हरताना बचाव ढिसाळ, पोरं गोंधळलेली, कोच माँटी विल्यम्स सहा वर्षं आणि साडेसात कोटींहून जास्त डॉलरच्या करारावर आणलेला आणि एका सीझननंतर काढलेला. टीम हरत होती आणि वर पिस्टन्ससारखी दिसतही नव्हती. पुढच्या वर्षी नवा कोच जे. बी. बिकरस्टाफ, आजूबाजूला टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे जाणते प्लेअर, पण गाभा तोच, केड कनिंगहॅम आणि ती हरलेली पोरं. १४ वरून थेट ४४ विजय. आणि खेळ कसा, तर अंगावर जाणारा, भांडखोर, जुन्या लोकांनी बघून मान डोलवावी असा. एप्रिल २०२५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निक्सविरुद्ध दुसरी मॅच जिंकले, २००८ नंतर प्लेऑफमधला तो पहिला विजय, मधे प्लेऑफच्या सलग १५ मॅच हरलेले. सिरीज गेली ४-२ नं, पण कोणी फारसं वाईट वाटून घेतलं नाही.

ओक्लाहोमा सिटी थंडर हे दुसरं टोक. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सना देऊन त्यांनी ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले पाच पिक, वर दोन पिक अदलाबदलीचे हक्क आणि शाय गिल्जस-अलेक्झांडर नावाचा पोरगा घेतला. मग २२-५०, २४-५८. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसकडून १५२-७९ असा मार खाल्ला, ७३ पॉइंटनी, एनबीएच्या इतिहासातली सगळ्यात मोठी हार. म्हणजे लाज काढण्यात हे फिलाडेल्फियापेक्षा मागे नव्हते. फरक दुसरीकडे आहे. त्या मॅचच्या काही महिने आधी, ऑगस्ट २०२१ मध्ये, त्यांनी शायशी पाच वर्षांचा जास्तीत जास्त पगाराचा करार करून टाकला होता, त्याला विकून आणखी पिक गोळा करत बसले नाहीत. ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला लू डॉर्ट, ज्याचं काम समोरच्या टीमच्या सगळ्यात चांगल्या प्लेअरच्या मागे रात्रभर लागायचं, तो पण राहिला. म्हणजे फॅनला हरताना सुद्धा माहीत होतं की हे दोघं आपले आहेत, इथून पुढे भर पडणार आहे. क्लिपर्सच्याच पिकवर २०२२ ला जेलन विल्यम्स आला, स्वतःच्या पिकवर चेट होमग्रेन. ४० विजय, मग ५७, मग ६८ आणि २०२५ ची ट्रॉफी. मॅच जिंकल्यावर एकाची मुलाखत चालू असताना अख्खी टीम त्याच्या मागे घोळका करून उभी राहते, हे त्यांचं आता ठरूनच गेलंय.

याच थंडरच्या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय निष्ठेचा विषय पुरा होत नाही. ही टीम २००८ पर्यंत सिॲटल सुपरसॉनिक्स होती. १९७९ ची चॅम्पियन. टीम उचलून नेली, पण करारानुसार सॉनिक्स हे नाव आणि हिरवा-पिवळा रंग सिॲटललाच राहिला. म्हणजे प्लेअर, कोच, ड्राफ्टमध्ये नुकताच मिळालेला केविन ड्युरँट सगळे गेले आणि नाव मागे उरलं, आणि सिॲटलचे लोक त्या नावामागे राहिले, प्लेअरच्या मागे ओक्लाहोमाला नाही गेले. शार्लटचंही तसंच. हॉर्नेट्स २००२ ला न्यू ऑर्लिन्सला गेली, २००४ ला शहराला नवी टीम मिळाली बॉबकॅट्स, ती कधी कोणाला आपली वाटलीच नाही, २०११-१२ मध्ये तर ७-५९, टक्केवारीनं लीगच्या इतिहासातली सगळ्यात वाईट, आणि एवढं करून लॉटरी पण हरले. २०१४ ला हॉर्नेट्स हे नाव परत मिळालं तेव्हा केवढा आनंद झाला. प्लेअर तेच, कोच तोच. बाहेरून बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल पण फॅन ज्याला धरून असतो ते बऱ्याचदा प्लेअरच्या वरचं काहीतरी असतं.

मानसशास्त्रात यावर काम झालंय. रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये अमेरिकन विद्यापीठांतली पोरं बघितली, विद्यापीठाची अमेरिकन फुटबॉल टीम शनिवारी जिंकली की सोमवारी विद्यापीठाचे टी-शर्ट जास्त दिसायचे, आणि बोलताना जिंकले की 'आपण', हरले की 'ते'. विजयाच्या उजेडात उभं राहायचं आणि पराभवापासून चार हात लांब, हा माणसाचा स्वभावच. मग कायम हरणाऱ्या टीमचे फॅन याला अपवाद का? मला वाटतं ते अपवाद नाहीतच, ते फक्त विजयाची व्याख्या बदलून घेतात. आज पोरानं डाव्या हातानं फिनिश केलं, बचावात एक पाऊल लवकर टाकलं, चौथ्या क्वार्टरला दहानं मागे असताना माना टाकल्या नाहीत, हे सगळं जमेला धरलं जातं. आणि दुसरं म्हणजे सगळ्यात वाईट काळात आपण होतो हे पुढे मिरवता येतं, ट्रॉफीच्या वर्षी आलेल्यांना ते कधीच मिळणार नाही. थोडा अहंकार आहे यात, असू दे.

सॅक्रामेंटो किंग्जचे फॅन यात सगळ्यांचे बाप. सलग १६ सीझन प्लेऑफ नाही, २०१८ च्या ड्राफ्टमध्ये पुढे स्टार झालेला लुका डॉन्चिच समोर असताना दुसराच घेतला, २०१३ मध्ये तर टीम सिॲटलला निघालीच होती, शहर आणि फॅन रस्त्यावर उतरले, महापौर केविन जॉन्सननं नवीन खरेदीदार उभे केले आणि लीगमधल्या टीमच्या मालकांनी २२-८ मतांनी स्थलांतर फेटाळलं. २०२२-२३ ला ४८ विजय मिळाले, प्रत्येक विजयानंतर अरेनाच्या छतावरून जांभळा लेझर आकाशात सोडायचे. पण पुढे कोच माइक ब्राउनला काढलं, डीॲरन फॉक्स सॅन अँटोनियोला गेला आणि गाडी परत रुळावरून घसरली. लेझरनं ओळख दिसते, ती टिकवायला प्लेअर आणि कोच टिकवावे लागतात.

उलटं उदाहरण डॅलसचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये टीम हरत वगैरे नव्हती, आधल्या वर्षी फायनल खेळलेली, आणि अचानक लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला, बदल्यात अँथनी डेव्हिस. लोक अरेनाबाहेर जमले, मॅचमध्ये जनरल मॅनेजर निको हॅरिसनला काढा म्हणून ओरडायला लागले. मे महिन्यात चमत्कार झाला, १.८ टक्के शक्यता असताना लॉटरीत पहिला नंबर लागला आणि त्यावर कूपर फ्लॅग मिळाला, दहा वर्षं हरून पण ज्याची खात्री नसते ते आयतं दारात. हिशेबानं भरपाई झाली म्हणायला हरकत नाही. तरी ऑक्टोबरमध्ये नवा सीझन सुरू झाला, टीम हरायला लागली आणि त्याच घोषणा परत घुमल्या, फ्लॅग कोर्टवर खेळत असताना. मग नोव्हेंबरमध्ये हॅरिसनला काढलं.